कावीळ, यकृत आणि फ्रीजरमधल्या नळ्या

(२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. त्यानिमित्त गेल्या अंकात आम्ही यकृत आणि कावीळ या विषयावर प्रश्न मागवले होते. उत्तरं देत आहेत ठाण्यात राहणाऱ्या एक निवृत्त संशोधक. परळच्या एका सार्वजनिक प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी विषाणूजन्य काविळीवर काम करण्यात गेली. हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज; ती आणणाऱ्या विषाणूंना ए, बी, सी, ई अशी नावं आहेत. – संपादक)

प्रश्न : मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. माझ्या आजोबांना लिव्हर सिरॉसिस होता, गेल्या वर्षी ते गेले. मला यकृताच्या आजारांवर संशोधन करायचं आहे. घरचे म्हणतात, नीट निघाली नाही तर संशोधनाचं विसर. डॉक्टर झाल्याशिवाय या क्षेत्रात जाताच येत नाही का? आणि तुम्ही दिवसभर नेमकं काय करायचात?
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : तुझ्या आजोबांचं वाचून वाईट वाटलं. सिरॉसिसचं, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याचं, आजारपण घराला पिळून काढतं. पोटात पाणी होतं, ते काढायला पुन्हा पुन्हा भरती व्हावं लागतं, मध्येच माणूस घरच्यांची नावं विसरतो. तू हे जवळून पाहिलं असशील.

डॉक्टर असायलाच हवं, असं मुळीच नाही. २०२० चं वैद्यकाचं नोबेल हिपॅटायटिस सीच्या शोधासाठी तिघांना मिळालं : हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस. त्यातले ऑल्टर तेवढे डॉक्टर. हॉटन आणि राइस दोघेही प्रयोगशाळेतले, पीएचडीवाले. मीही एमबीबीएस नाही, मायक्रोबायोलॉजीवाली आहे.

नीट निघाली तर एमबीबीएस, मग एमडी मेडिसिन, मग गॅस्ट्रोएंटरॉलॉजी (पोटाचे आजार) किंवा हिपॅटॉलॉजीत (यकृताचे आजार) डीएम. रुग्ण रोज समोर असतो, हा त्या वाटेचा मोठा फायदा, आणि खरे प्रश्न तिथेच सुचतात. नाही निघाली तर बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा लाइफ सायन्स घे. मग एमएस्सी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, विषाणूंवरच्या एमएस्सीची सोय आहे. आपल्याकडच्या मुलांना ती संस्था इतकी जवळ असून माहीत नसते, याची मला खंत वाटते. एमएस्सीनंतर नेट परीक्षा. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली की पीएचडी करताना दरमहा पैसे मिळतात. २०२३ पासून तो दर ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,००० होतो. मुंबईत भाड्याची खोली घेऊन एवढ्यात ओढाताण होते. तुला घरून जाता येईल, हे आईबाबांना सांग. खारघरला टाटांचं कॅन्सर संशोधन केंद्र आहे, परळला जुन्या संस्था आहेत, दोन्हीकडे ऐरोलीहून लोकलने जाता येतं. बारावीनंतर पीएचडी हातात पडायला दहा-अकरा वर्षं धर. डॉक्टरकीच्या वाटेलाही तितकीच लागतात, त्यामुळे वेळेचा मुद्दा घरच्यांनी काढला तर तो फारसा टिकत नाही.

आता दिवसभराचं काम. सकाळी वॉर्डातून रक्ताच्या नळ्या यायच्या. त्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर सीरम राहतं. निरोगी माणसाचं सीरम फिकट पिवळं असतं, काविळीच्या रुग्णाचं हळदीच्या पाण्यासारखं गडद. ते पिपेटने उचलायचं आणि लहान नळ्यांत वाटून भरायचं. मग एलायझा, म्हणजे सीरममध्ये विषाणूची खूण आहे का ते पाहायची चाचणी. हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची प्लेट, तिला ९६ खळगे. प्रत्येक खळग्यात एकेकाचं सीरम, थांबायचं, धुवायचं, पुढचं रसायन घालायचं, पुन्हा थांबायचं. शेवटी ज्या खळग्यात रंग चढतो तो पॉझिटिव्ह. उरलेलं सीरम उणे ७० अंशांच्या फ्रीजरमध्ये.

फ्रीजरमध्ये ठेवण्याआधी नळीवर नंबर. माझ्या पहिल्या वरिष्ठ बाईंनी मला सगळ्यात आधी हेच शिकवलं : चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहायचं. बॉलपेनची शाई दवाने पुसली जाते, शिशाची रेघ राहते. तोच नंबर रजिस्टरमध्ये. समोर वय, गाव, तारीख, ताप कधी आला, डोळे कधी पिवळे झाले. बाई संध्याकाळी रजिस्टर आणि रॅक ताडून पाहिल्याशिवाय कुणाला सोडत नसत. माझी ५:४२ ची लोकल कितीदा तरी त्यापायी चुकली.

तुला हे कारकुनी काम वाटेल. पण आमच्या विषयातले दोन फार मोठे शोध नेमके यावर उभे आहेत.

पहिला आपल्या देशातला. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली, सुमारे २९,००० लोक पिवळे पडले. तेव्हा पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे आज ज्याला आपण हिपॅटायटिस ए म्हणतो ती, असंच सगळे धरून चालले. त्या साथीतलं काही सीरम जपून ठेवलेलं होतं. पुढे १९७० च्या दशकात ‘ए’ची रक्तचाचणी निघाली. एनआयव्हीच्या तेव्हाच्या संचालक डॉ. खोर्शेद पावरी, त्यांचे सहकारी आणि अमेरिकेतले शास्त्रज्ञ यांनी दिल्लीचं जुनं सीरम, अहमदाबादच्या आणि पुण्याच्या नंतरच्या साथींतलं सीरम, असं सगळं बाहेर काढून तपासलं. ती साथ ‘ए’ची नव्हती आणि ‘बी’चीही नव्हती. १९८० मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी काश्मीरमधल्या १९७८ च्या साथीवर डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही स्वतंत्रपणे हेच मांडलं. आज आपण त्या विषाणूला हिपॅटायटिस ई म्हणतो. चोवीस वर्षांपूर्वी कुणीतरी नळीवर नीट नंबर घातला होता, म्हणून १९८० मध्ये उत्तर मिळालं. ज्याने तो घातला त्याचं नाव कुठेही छापलेलं मी पाहिलं नाही, आणि मला ते नेहमी लागतं.

दुसरी गोष्ट ऑल्टर यांची. ती खाली कोपरीच्या वाचक भगिनींच्या उत्तरात सांगते.

२६ जुलै २००५ ला परळ पाण्याखाली गेलं आणि वीज गेली, तेव्हा आम्ही काही जण प्रयोगशाळेतच अडकलो होतो. बंद फ्रीजरचं दार उघडलं नाही तर आतली थंडी बरेच तास टिकते. आम्ही दाराला चादरी गुंडाळल्या आणि कुणालाही हात लावू दिला नाही. वीज आल्यावर काटा पाहिला, नळ्या गोठलेल्याच होत्या. त्या वेळी आम्हाला घराची काळजी नव्हती असं नाही. पण त्या नळ्यांमागे गावोगावची माणसं होती, त्यांनी विश्वासाने हात पुढे केला होता.

हे असलं काम तुला आवडेल का, ते बीएस्सीच्या उन्हाळी सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने राहून बघ. आणि संख्याशास्त्राचा कंटाळा करू नकोस. आमच्याकडे हुशार मुलं नेमकी तिथे अडतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत गेल्या महिन्याभरात सात-आठ जणांना कावीळ झाली. पाणी कमी पडतं म्हणून टँकर मागवतो. टँकरवाल्याकडे रिपोर्ट आहे, आम्हीही पाणी तपासून घेतलं, ‘पिण्यायोग्य’ आलं. तरी रोज कुणीतरी आजारी पडतंय. काय करावं?
– सेक्रेटरी, एक गृहनिर्माण संस्था, घोडबंदर रोड

उत्तर : आधी एक तातडीचं. सोसायटीत कुणी गरोदर बाई आहे का, ते आजच्या आज पाहा. तिला उकळलेलंच पाणी द्या, बाहेरचं खाणं पूर्ण बंद. डोळे पिवळे वाटले, उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. हिपॅटायटिस ई एरवी तीन-चार आठवड्यांत बरा होतो. शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला झाला, तर अशा शंभर जणींत वीस-पंचवीस दगावू शकतात. असं का होतं याचा पुरता उलगडा आजही झालेला नाही. ठाणे जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही नमुने घ्यायला गेलो होतो. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं होतं. सातव्या महिन्यातली एक मुलगी रांगेत शांत उभी होती. नाव विचारलं तर तिने ते दोनदा चुकीचं सांगितलं. बाकीच्यांना वाटलं, लाजते आहे. यकृत निकामी होऊ लागलं की मेंदूवर असाच परिणाम होतो. आमच्याच जीपने तिला शहरात नेलं, पण ती वाचली नाही. तेव्हापासून काविळीचा माणूस उगाच झोपाळू वाटला, असंबद्ध बोलला किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, की एक रात्रसुद्धा वाट पाहू नका, हे मी भेटेल त्याला सांगते.

आता तुमचा रिपोर्ट. पाण्याची नेहमीची तपासणी जिवाणूंसाठी असते, विषाणूंसाठी नाही. दिल्लीच्या ज्या साथीचं वर सांगितलं, तिथे यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वजिराबादच्या पंपांपर्यंत पोचलं. अधिकाऱ्यांना ते कळलं, त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवलं. टायफॉइड वाढला नाही, जुलाबाची साथ आली नाही. म्हणजे जिवाणू मेले. कावीळ मात्र आली.

दुसरं, तुम्ही आज पाणी तपासता आहात, पण आज आजारी पडलेल्या माणसाच्या पोटात विषाणू गेला तो बराच आधी. ‘ए’ला दोन ते सात आठवडे लागतात, ‘ई’ला दोनापासून दहा. तेव्हा रुग्णांची यादी करा. प्रत्येकासमोर विंग, मजला, पहिली लक्षणं कधी दिसली ती तारीख लिहा आणि तिथून पाच-सहा आठवडे मागे जा. त्या सुमारास काय झालं होतं? टाकी फुटली, रस्ता खणला, टँकरवाला बदलला, कुणाच्या घरी पूजेचं मोठं जेवण झालं? एकाच विंगेत रुग्ण जास्त असतील तर त्या विंगेची टाकी संशयित. सगळीकडे सारखे असतील तर खालची मोठी टाकी.

खालच्या टाकीत उतरून भिंती पाहा, आणि तिच्यापासून ड्रेनेजचं चेंबर किती अंतरावर आहे ते मोजा. किती सोसायट्यांत या दोघांमध्ये हातभरसुद्धा अंतर नसतं. शिवाय आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं, उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपाला भेग असली आणि तो गटाराजवळून जात असला, की बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. सकाळी पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ किंवा वास येणारं येत असेल तर तिथेच शोधा.

महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा. सोसायटीचं नाव खराब होईल, फ्लॅटचे भाव पडतील, म्हणून कमिट्या गप्प बसतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्यात शेजारच्या इमारतींतले लोक आजारी पडतात. रुग्णांच्या रक्तात ‘ए’ आणि ‘ई’ दोन्हींचे आयजीएम अँटिबॉडी (ताज्या लागणीची खूण) तपासून घ्या, नुसत्या बिलिरुबिनवर (रक्तातल्या पिवळ्या रंगद्रव्यावर) थांबू नका. साथ संपेपर्यंत प्रत्येक घरात पाणी खळखळून उकळून प्या, घरात फिल्टर असला तरी. भाजी धुवायलाही तेच. बर्फाचा गोळा, पाणीपुरी, उसाचा रस काही दिवस नको. काविळीत उसाचा रस औषध म्हणून देतात, तो रस्त्यावरच्या बर्फासकट घेऊन आणखी आजारी पडलेले लोक मला माहीत आहेत. ‘ए’ची लस मिळते, आजारी न पडलेल्या मुलांसाठी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आमच्या गावाकडे काविळीची माळ घालतात. ती माळ वाढत जाते आणि कावीळ उतरते. माझा स्वतःचा अनुभव आहे. विज्ञानाला हे का मान्य नाही?
– एक वाचक, दिवा

उत्तर : तुमची कावीळ उतरली हे खरंच. ‘ए’ आणि ‘ई’ची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत आपोआप उतरते, माळ असो वा नसो. माळ वाढते तेही खरं. ओल्या काटक्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या गाठींत घट्ट बसवलेले असतात. ते अंगावर सुकले की आक्रसतात, गाठी सैल होतात, दोरा लांबतो. दोन सारख्या माळा करा, एक गळ्यात घाला, दुसरी खुंटीला टांगा, आणि दोन्ही रोज मोजा.

माळ घालायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती माळेच्या भरवशावर रक्त न तपासण्याला, कारण पित्तनलिकेतला खडा, ‘बी’, औषधांचा परिणाम, कॅन्सर, यांतही डोळे असेच पिवळे होतात. आणि पोटात घ्यायच्या अनोळखी पुड्यांना तर ठाम विरोध आहे. सुजलेल्या यकृताला तेही पचवायला लागतं. हळद मात्र बंद करायची गरज नाही. ती पिवळी आहे एवढाच तिचा दोष.

प्रश्न : माझा मुलगा आयटीआय करून वेल्डर झाला. आखाती देशात नोकरी पक्की झाली होती. मेडिकलमध्ये ‘हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, अनफिट’ असं आलं. त्याला काहीही त्रास नाही. त्याच्या आईने त्याचं ताट-पेला वेगळा केला आहे, धाकट्या बहिणीला त्याच्या खोलीत जाऊ देत नाही. तो घरात कुणाशी बोलत नाही. त्याचं लग्न होईल का?
– एक वडील, घणसोली

उत्तर : काका, हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम करा : ताट-पेला एकत्र करा. आज रात्री त्याच्या शेजारी बसून जेवा. हिपॅटायटिस बी जेवणातून, पाण्यातून, मिठी मारण्यातून, खोकल्यातून, एका संडासातून पसरत नाही. तो पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. घरात वेगळं ठेवायचं ते फक्त रेझर, टूथब्रश आणि नेलकटर. जखम झाली तर पट्टी लावावी. बस्स.

हा विषाणू सापडला त्याची गोष्ट तुमच्या मुलाला सांगा. अमेरिकेत बारूख ब्लूमबर्ग नावाचे डॉक्टर वेगवेगळ्या देशांतल्या माणसांची रक्तं ताडून पाहत होते. वर ज्यांचं नाव घेतलं ते ऑल्टर तेव्हा तरुण होते आणि त्यांच्याबरोबर काम करत होते. वारंवार रक्त घेतलेल्या एका हिमोफिलियाच्या (रक्त न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णाचं सीरम जेलच्या एका खळग्यात आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचं दुसऱ्या खळग्यात ठेवलं, तर मध्ये एक रेघ उमटली, म्हणजे त्या ऑस्ट्रेलियन रक्तात एक अनोळखी प्रथिन होतं. म्हणून त्याला आधी ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणत. १९६५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, तो काविळीच्या विषाणूचा भाग आहे हे पुढच्या काही वर्षांत कळलं, आणि १९७६ मध्ये ब्लूमबर्गना नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस. तुमच्या मुलाच्या रिपोर्टवर जे ‘एचबीएसएजी’ लिहिलं आहे, ते हेच. ते आहे एवढ्यावरून त्याचं यकृत खराब झालं असं ठरत नाही. त्यासाठी एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारी रक्तचाचणी), एचबीई अँटिजेन, विषाणूचं प्रमाण म्हणजे एचबीव्ही डीएनए, सोनोग्राफी आणि जमल्यास फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालं आहे ते पाहणारी तपासणी) करा. सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा. बऱ्याच जणांना लगेच औषध लागत नाही, फक्त दर सहा महिन्यांनी तपासणी लागते. ती मात्र आयुष्यभर चुकवायची नाही, कारण याच विषाणूमुळे पुढे सिरॉसिस आणि यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. औषध लागलं तर टेनोफोविर किंवा एंटेकाविर, रोज एक गोळी. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात चौकशी करा.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. जे निगेटिव्ह असतील त्यांना लसीचे तीन डोस. मुलाच्या आईची तपासणी आधी. इथे मला जरा सांभाळून लिहायचं आहे. जन्मताना लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के आयुष्यभर विषाणू बाळगतात, मोठेपणी लागण झालेल्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी. त्यामुळे मुलाला तो आईकडून आला असण्याची शक्यता आहे. तसं निघालं तर त्या माउलीला बोल लावू नका. तिला तो तिच्या आईकडून आला असेल. तुमच्या मुलाच्या जन्माच्या वेळी आपल्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर नव्हती, ती २०११ मध्ये आली. आता जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस देतात.

लग्न होईल. मुलीला आधी सगळं खरं सांगा. तिची तपासणी, तिला तीन डोस, मग अँटिबॉडी तयार झाल्या का ते पाहणं, तोपर्यंत निरोध. एवढं केलं की तिला धोका राहत नाही आणि त्यांची मुलंही सुखरूप जन्मतात. लपवून लग्न लावू नका.

नोकरीचं दुःख मोठं आहे. आखाती देशांचे नियम आपल्या हातात नाहीत. पण इथल्या कारखान्यात वेल्डिंग करायला या विषाणूची काहीही अडचण नाही, आणि तसं पत्र यकृततज्ज्ञ देतात. एचआयव्ही असलेल्यांना नोकरीत भेदभावापासून संरक्षण देणारा २०१७ चा कायदा आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या कामगाराला तसा आधार मिळायला हवा, असं मला पोटतिडकीने वाटतं.

प्रश्न : दारूला कधी स्पर्श केला नाही. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’. औषध सुचवा.
– एक गृहिणी, नेरूळ

उत्तर : वजन जास्त असेल तर ते सात ते दहा टक्के उतरवा, त्याहून चांगलं औषध मी तरी तुम्हाला सांगू शकणार नाही. साखर, कोलेस्टेरॉल आणि एसजीपीटी तपासा. लिव्हर टॉनिकांवर पैसे घालू नका.

प्रश्न : यकृतावरचे काही शोध माणसांवर प्रयोग करून लागले, असं वाचनात आलं. खरं आहे का? तुमच्या कामात असा प्रसंग आला का?
– एक निवृत्त शिक्षक, नौपाडा

उत्तर : सर, खरं आहे, आणि ते लपवू नये असं माझं मत आहे. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक नावाच्या, मतिमंद मुलांच्या निवासी संस्थेत १९५० च्या दशकापासून सॉल क्रुगमन यांनी मुलांना मुद्दाम काविळीचा विषाणू दिला. संस्थेत कावीळ पसरलेलीच होती, मुलांना ती होणारच होती, असं त्यांचं म्हणणं. आईवडिलांची संमती घेतली होती, पण मुलाला प्रवेश मिळेल या आशेवर बसलेल्या आईबापांची संमती कितपत मोकळी? काविळीचे दोन प्रकार वेगळे आहेत हे त्या कामातून स्पष्ट झालं, उकळलेल्या सीरमने बचाव होतो हेही दिसलं. त्या ज्ञानाचा फायदा आपण सगळे घेतो. तरी ते काम चूक होतं. एमएस्सीच्या मुलांना शिकवताना मी विषाणूंचं कोष्टक नंतर घेत असे, विलोब्रुक आधी.

त्याच्या उलट मॉस्कोचे मिखाईल बलायन. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांत कावीळ पसरली होती. बलायन यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः घेतला. त्यांना ‘ए’ आधीच होऊन गेला होता, त्यामुळे कावीळ झाली तर ती वेगळ्या विषाणूची, हे नक्की होतं. ते आजारी पडले, आणि त्यांच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ‘ई’चे कण दिसले. १९८३ मध्ये ते छापून आलं. आज कुठलीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही आणि देऊही नये. पण धोका त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला, दुसऱ्याच्या मुलाच्या नाही.

आम्ही फक्त रक्त घ्यायचो. संमतिपत्र मराठीत असे, पण ते नुसतं वाचून दाखवलं की लोक मान डोलावतात. म्हणून मी उलट विचारायची, ‘मावशी, हे रक्त आम्ही कशाला घेतोय, सांगा बरं?’ त्यांना सांगता आलं नाही तर अंगठा घ्यायचा नाही, पुन्हा समजावायचं. आणि प्रत्येकाला रिपोर्ट परत द्यायचा. नमुने नेले आणि पुन्हा कुणी फिरकलं नाही, ही गावांची तक्रार खरी असते. आम्ही रिपोर्ट घेऊन परत गेलो तेव्हा एका आजोबांनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता. मी तो खाली काढून डॉक्टरांना दाखवायला लावला.

प्रश्न : १९८७ मध्ये सिझेरियनच्या वेळी मला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. परवा कुणीतरी म्हणालं, त्या काळच्या रक्तातून हिपॅटायटिस सी झालेला असू शकतो. मला आजवर काही त्रास नाही. तपासणी करावी का? आणि त्या वेळी झालेला माझा मुलगा?
– एक वाचक भगिनी, ठाणे पूर्व (कोपरी)

उत्तर : ताई, जरूर करा. १९८७ मध्ये तुम्हाला रक्त देणाऱ्यांनी कितीही काळजी घेतली असती तरी हा विषाणू त्यांना पकडता आला नसता, कारण तो सापडलेलाच नव्हता.

ऑल्टर अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रक्तपेढीत होते. रक्त घेतलेल्या रुग्णांकडे ते पुन्हा पुन्हा जात आणि प्रत्येक वेळचं सीरम साठवत. १९७५ पर्यंत त्यांना कळलं होतं की रक्तातून होणाऱ्या बऱ्याच काविळी ना ‘ए’ ना ‘बी’. पण विषाणू काही हाती लागेना. आपल्याला चाचणी सापडली असं कुणी म्हणालं, की ऑल्टर त्याला सांकेतिक नंबर घातलेल्या नळ्यांचा एक संच पाठवत. त्यात रोगाच्या नळ्या होत्या, निरोगी माणसांच्या होत्या, काही नळ्या मुद्दाम दोनदा होत्या. एकामागून एक प्रयोगशाळा त्यात नापास झाल्या. कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ वर्षानुवर्षं लाखो क्लोन, म्हणजे लागण झालेल्या रक्तातून काढलेल्या जनुकांच्या तुकड्यांच्या प्रती, चाळत होते. त्यांना एक सापडला. त्यावरून केलेल्या चाचणीने ऑल्टर यांच्या नळ्या ओळखल्या. ते वर्ष १९८९. पुढे हॉटन यांना कॅनडाचं एक मोठं पारितोषिक जाहीर झालं, तर चू आणि कुओ यांना त्यात घेतलं नाही म्हणून त्यांनी २०१३ मध्ये ते नाकारलं. आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना त्या नकाराने फार बरं वाटलं होतं.

आपल्याकडे रक्ताच्या प्रत्येक बाटलीची ‘सी’साठी तपासणी सक्तीची व्हायला १९८९ नंतर आणखी दहा-बारा वर्षं गेली. त्यामुळे त्याआधी रक्त घेतलेल्या प्रत्येकाने एकदा तपासून घ्यावं. हा विषाणू वीस-तीस वर्षं गप्प राहतो, त्रास नाही म्हणजे आजार नाही असं नसतं. आधी अँटी-एचसीव्ही, म्हणजे ‘सी’विरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी साधी चाचणी. ती निगेटिव्ह आली तर विषय संपला. पॉझिटिव्ह आली तरी लगेच घाबरू नका. काहींच्या शरीरातून विषाणू आपला आपण गेलेला असतो आणि अँटिबॉडी तेवढ्या उरतात. विषाणू रक्तात खरंच आहे का, ते एचसीव्ही आरएनए चाचणी सांगते.

ती पॉझिटिव्ह आली तर उपचार आहेत, आणि हे लिहिताना मला आजही भरून येतं. माझ्या उमेदीच्या काळात इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती, वर्षभर ताप-थंडी सोसून निम्मे रुग्णही बरे होत नसत. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुविरला मान्यता मिळाली. तिथे एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. २०१५ पासून आपल्या कंपन्या तेच औषध त्या किमतीच्या अगदी थोड्या भागात बनवू लागल्या. आता सोफोसबुविरबरोबर डॅक्लाटासविर किंवा वेलपाटासविर, बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या, आणि शंभरातले ९५ हून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. वर घणसोलीच्या काकांना सांगितलेल्या सरकारी कार्यक्रमात ही औषधंही मोफत आहेत. एक लक्षात ठेवा : गोळ्या सुरू करण्याआधी ‘बी’ची तपासणी झालीच पाहिजे, कारण ‘सी’ दबला की लपलेला ‘बी’ उसळू शकतो. सिरॉसिस आधीच झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

मुलाचं म्हणाल, तर आईकडून बाळाला ‘सी’ होण्याचं प्रमाण शंभरात पाच-सहा इतकंच आहे. तुम्हाला रक्त दिलं ते सिझेरियनच्या टेबलावर, म्हणजे बाळ बाहेर येताना किंवा आल्यावर, त्यामुळे त्याला धोका आणखी कमी. तुमचा आरएनए पॉझिटिव्ह आला तरच त्याची तपासणी करा. आधी तुमची, या आठवड्यात. उपाशीपोटी जायची गरज नाही.